कानावर पडलेली शिवी मनात घर करू नये म्हणून

नाशिकमध्ये घराबाहेर पडलेल्या माणसाच्या कानावर दिवसभरात एकही शिवी पडली नाही, असा दिवस विरळाच. द्वारका चौकात गाड्या तुंबल्या की मागचा पुढच्याची आई-बहीण काढतो, सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात शिफ्ट बदलताना सुपरवायझर हेल्परवर तोंडसुख घेतो, कॉलेज रोडच्या कट्ट्यावर मित्र एकमेकांना शिवीनेच हाक मारतात आणि रात्री घरी मोबाईलवर लावलेल्या मालिकेतील पात्रेही तीच भाषा बोलत असतात. अशा वेळी वडीलधारी माणसे सांगतात, की या कानाने ऐकावे आणि त्या कानाने सोडून द्यावे. अनेकांना ते जमत नाही, आणि ते न जमणे हा मनाचा दुबळेपणा नव्हे. शिवी ऐकल्यावर छातीत धडधडणे, संध्याकाळपर्यंत चिडचिड होत राहणे, जेवायला बसल्यावर तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे येणे या सगळ्यामागे शरीराची आणि मेंदूची एक ठरावीक प्रक्रिया असते. ती समजून घेतली तर मूड किती बिघडू द्यायचा, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात येते.

शिवी देणाऱ्याने काय करावे, याविषयी उपदेश पुष्कळ झाले आहेत. हे मार्गदर्शन ऐकणाऱ्यांसाठी आहे. ज्याला शिवी दिली तो आणि जो शेजारी नुसता उभा होता तो, असे दोघेही ऐकणारेच असतात. पण दुसऱ्याला आपण धरतच नाही, म्हणून पुढे त्याच्याकडे मुद्दाम अधिक लक्ष दिले आहे.

शिवी ऐकताच काय घडते

भावना उसळली की तळहाताला नकळत किंचित घाम सुटतो आणि त्वचेतून वीज वाहण्याची क्षमता वाढते. हा बदल यंत्राने मोजता येतो. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना काही शिव्या आणि त्याच अर्थाचे सौम्य शब्द मोठ्याने वाचायला लावले होते. अर्थ तोच असूनही शिवी उच्चारताना त्वचेची प्रतिक्रिया अधिक तीव्र आढळली. याचा अर्थ असा, की आपले शरीर केवळ मथितार्थाला प्रतिसाद देत नाही, तर त्या विशिष्ट शब्दालाच देते. लहानपणी तो शब्द तोंडातून निघाल्यावर बसलेला फटका, घरात उमटलेली शांतता किंवा आईचा बदललेला चेहरा हे सारे त्या शब्दाला चिकटलेले असते. म्हणूनच "अरे, त्याच्या मनात तसे काही नव्हते" ही समजूत डोक्याला पटली, तरी छातीतली धडधड लगेच थांबत नाही.

शिवी लक्षही हिसकावून घेते. रंगीत अक्षरांत लिहिलेल्या शब्दांचा अर्थ बाजूला ठेवून फक्त रंग सांगायचा, अशी मानसशास्त्रात एक जुनी चाचणी आहे. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शब्द शिवीचा असेल तेव्हा लोकांना रंग सांगायला जास्त वेळ लागला आणि नंतर विचारले असता शिव्या अधिक आठवल्या. रोजच्या कामात याचे रूप ओळखीचे आहे. साहेबांनी शिवीसकट दिलेली सूचना काय होती, हे कामगाराला धड सांगता येत नाही, पण शिवी मात्र शब्दशः सांगता येते.

"रोजचेच आहे, सवय झाली आहे" असे सांगणाऱ्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी स्त्रियांना अपमानाची, कौतुकाची आणि साधी वाक्ये पुन्हा पुन्हा दाखवून त्यांच्या मेंदूतील विद्युत लहरी नोंदवल्या. अपमानाचा शब्द समोर येताच उमटणारी सुरुवातीची प्रतिक्रिया कितीही वेळा तेच वाक्य आले तरी टिकून राहिली. तो प्रयोग प्रयोगशाळेतला होता आणि अपमान करणारी माणसे काल्पनिक होती, हे लक्षात घेतले तरी एवढे म्हणता येते, की चेहरा निर्विकार ठेवण्याची सवय होते, पण आतला दचका तितक्या सहज जात नाही.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातल्या माणसाने जरूर ध्यानात घ्यावी. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिव्या आणि लहानपणी मिळणाऱ्या झापण्याच्या वाक्यांना त्यांच्या त्वचेने मातृभाषेत जास्त तीव्र प्रतिसाद दिला. गंगापूर रोडवरच्या एखाद्या ऑफिसात इंग्रजी शिवी मीटिंगमध्ये सहज खपून जाते आणि आईवरून दिलेली मराठी शिवी मात्र थेट काळजात जाते, ती यामुळेच. अंबडमध्ये उत्तर भारतातून आलेला कामगार मराठी शिव्या लवकर शिकतो आणि हलकेपणाने वापरतो; त्या शब्दाचे वजन त्याला जाणवलेले नसते, ऐकणाऱ्या मराठी माणसाला मात्र ते पुरेपूर जाणवते. आपणही हिंदी शिव्या अशाच सहज फेकतो आणि समोरच्या हिंदी भाषक माणसाला त्या किती लागतात, याचा आपल्याला पत्ता नसतो.

आधी शिवी कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

प्रतिक्रिया देण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा, की ही शिवी कोणावर रोखलेली होती. ठेच लागली, हातोडी बोटावर बसली किंवा गॅसवरचे तापलेले भांडे हाताला लागले आणि "च्यायला" किंवा त्याहून कडक काही तोंडातून निघाले, तर ते कोणावरच रोखलेले नसते. इंग्लंडमधील कील विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून शिवी उच्चारणारी माणसे साधा शब्द उच्चारणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ हात ठेवू शकतात. पुढे त्यांच्याच अभ्यासात असेही दिसले, की जी माणसे रोज जास्त शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी मिळतो. अशी शिवी ऐकल्यास तिला "आई गं" या कण्हण्याच्या रांगेत बसवा आणि त्या माणसाला काय लागले ते आधी पाहा. एवढे केले तरी मनाला बसलेला दचका ओसरतो.

सलगीच्या शिवीबाबत मात्र घाईने निवाडा करू नये. पंचवटीतल्या भाजी बाजारात टेम्पोतून टोमॅटोचे क्रेट उतरवणारे दोन हमाल पाहा. एक क्रेट दुसऱ्याच्या हातात जाताना एक शिवी जाते आणि रिकाम्या हाताबरोबर दुसरी परत येते. दोघांच्या हालचालीची लय मोडत नाही आणि दोघेही हसत असतात. त्याच टेम्पोच्या फळक्यावर शेतकऱ्याचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा वडिलांचा टॉवेल मांडीवर घेऊन बसलेला असतो. प्रत्येक शिवीसरशी तो आधी बोलणाऱ्याकडे आणि मग वडिलांकडे पाहतो आणि वडील हसले की तोही हसतो. थोड्या वेळाने मालाच्या प्रतीवरून वाद होतो आणि व्यापाऱ्याचा माणूस तोच शब्द त्याच्या वडिलांना उद्देशून वापरतो. आता मुलगा कोणाकडेच पाहत नाही. तो टॉवेलच्या कडेचा एक सुटलेला धागा ओढत राहतो आणि घरी परतेपर्यंत फारसा बोलत नाही. शब्द एकच होता आणि आवाजही सारखाच मोठा होता. बदलले होते ते फक्त त्याचे लक्ष्य आणि उलट बोलण्याची मुभा.

ही मुभाच खरी कसोटी आहे. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या गावांत नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून स्त्रिया एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. "बोरीचा बार" म्हणून ही प्रथा ओळखली जाते. शिमग्यालाही बोंब मारण्याची आणि तोंड सोडण्याची मुभा परंपरेने दिली आहे. या प्रथांचे समर्थन करावे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. पण तिथे दोन्ही बाजूंना बोलण्याचा सारखा हक्क असतो, खेळ कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे सर्वांना ठाऊक असते आणि संपल्यावर तो संपतो. सलगीची म्हणून दिलेली शिवी या तीन गोष्टींवर तपासून पाहा. मालक नोकराला "प्रेमाने" शिवी देतो आणि नोकराला त्याच शब्दात उत्तर देण्याची सोय नसते, तेव्हा ती सलगी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती ऐकून तुम्हाला वाईट वाटले, तर "आपणच जास्त मनाला लावून घेतो" असे म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

पहिली पाच मिनिटे

रागाने दिलेली शिवी ऐकताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, जबडा आवळला जातो. हा उसळलेला जोर त्याला खतपाणी घातले नाही तर थोड्या वेळात ओसरतो. अडचण अशी, की आपण तो प्रसंग मनात घोळवून त्याला पुन्हा पुन्हा खतपाणी घालतो. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत एकच काम करायचे, ते म्हणजे शरीराला खाली आणायचे. उत्तर, न्याय आणि हिशोब हे सगळे नंतर.

श्वास नाकाने आत घ्या आणि घेतला त्याहून सावकाश, लांबवर बाहेर सोडा. श्वास बाहेर टाकताना हृदयाचे ठोके स्वाभाविकपणे मंदावतात, म्हणून दीर्घ श्वास "घेण्या"पेक्षा तो सावकाश "सोडण्या"वर भर द्यावा. आठ-दहा वेळा असे केल्यावर जबडा आणि खांदे मुद्दाम सैल सोडा. गाडी चालवत असाल तर आधी अंतर वाढवा: मुंबई नाक्यावर किंवा द्वारकेला शिवी देऊन पुढे गेलेल्या गाडीचा पाठलाग करण्यापेक्षा तिला जाऊ द्या आणि जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन दोन मिनिटे थांबा. त्या अवस्थेत अॅक्सिलरेटरवरचा पाय आपल्या ताब्यात राहत नाही.

त्यानंतर मनात आलेल्या भावनेला नेमके नाव द्या. "मूड गेला" एवढे पुरत नाही. राग आला आहे, लाज वाटली आहे, भीती वाटली आहे, की आईचे नाव निघाले म्हणून वाईट वाटले आहे, हे स्वतःशी एका वाक्यात म्हणा किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतील अमिग्डला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. भीती आणि धोक्याच्या जाणिवेशी या भागाचा जवळचा संबंध आहे. मला स्वतःला हा उपाय सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो गर्दीत, बसमध्ये, अगदी साहेबांसमोर उभे असतानाही कोणाच्या नकळत करता येतो. बऱ्याचदा असे लक्षात येते, की आपण ज्याला राग समजत होतो ती चारचौघांत झालेली शरम होती. आणि रागाचा व शरमेचा इलाज एक नसतो.

या वेळेत दोन गोष्टी टाळाव्यात. तोच प्रसंग लागोपाठ चार जणांना फोन करून रंगवून सांगू नये, कारण प्रत्येक वेळी शरीर तोच प्रसंग नव्याने भोगते. जवळच्या एकाच माणसाला एकदा सांगावे आणि शेवटी "आता यावर काय करू?" असे विचारावे, म्हणजे बोलणे पुढे सरकते. दुसरे असे, की व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर टोमणा टाकू नये. ज्याने शिवी दिली तो बहुधा ते पाहत नाही आणि ज्यांचा काही संबंध नाही ते दिवसभर विचारपूस करून जखम उघडी ठेवतात.

बोलायचे ठरवले तर कसे बोलावे

प्रत्येक शिवीला उत्तर द्यायला हवे असे नाही. अनोळखी माणूस, दारू प्यायलेला माणूस किंवा हातात काही असलेला माणूस समोर असेल तर तिथून निघून जाणे हेच योग्य उत्तर होय. ज्याच्याशी उद्याही संबंध येणार आहे त्याच्याशी मात्र बोलावे. न बोलता मनात साठवलेले पुढे भलत्याच ठिकाणी बाहेर पडते आणि अनेकदा घरातल्या लहान मुलावर निघते.

बोलताना वाक्य छोटे ठेवा, आवाज खालच्या पट्टीत ठेवा आणि माणसाच्या स्वभावावर न घसरता त्या शब्दापुरतेच बोला. साहेबांना सांगायचे असेल तर, "साहेब, चूक झाली असेल तर सांगा, लगेच दुरुस्त करतो, पण आईवरून बोलू नका," एवढे पुरे. यात कामाची जबाबदारी टाळलेली नाही, म्हणून समोरच्याला वाद घालायला जागा उरत नाही. रिक्षावाला दुसऱ्या गाडीवाल्याला शिव्या देत असेल तर, "दादा, मागे लेकरू बसले आहे, जरा जपून," असे म्हटले की बहुतेक वेळा तो स्वतःच ओशाळतो. मित्राला सांगताना, "भो, आपल्या दोघांत काय ते बोल, पण माझ्या घरच्यांसमोर नको," हे चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांगावे. घरातले आजोबा किंवा काका बोलता बोलता शिवी घालत असतील, तर त्यांच्या वयाचा मान राखून, "आप्पा, पोरगं हे शब्द उचलतं, त्याच्यासमोर तेवढं सांभाळा," असे मुलाचे निमित्त पुढे करणे अधिक परिणामकारक ठरते. सल्ला म्हणून न ऐकणारी वडीलधारी माणसे नातवासाठी म्हणून ऐकतात.

तुम्ही बाजूला उभे असाल आणि शिवी दुसऱ्याला बसली असेल, तरीही तुम्हाला करण्यासारखे काही असते. भांडणात उडी घेण्याची गरज नाही. प्रसंग सरल्यावर त्या माणसाजवळ जाऊन, "ते बोलणे बरोबर नव्हते, मी ऐकले आहे," एवढे म्हणा. आपला अपमान कोणीतरी अपमान म्हणून पाहिला, हे कळल्याने त्या माणसाचे एकटेपण जाते आणि नुसते पाहत राहिल्याची तुमच्या मनातली टोचणीही कमी होते.

कामाच्या जागी

"शिव्या दिल्याशिवाय काम होत नाही" असे ठामपणे सांगणारे लोक औद्योगिक वसाहतीत जागोजागी भेटतात. संशोधन याच्या उलट सांगते. क्रिस्टीन पोराथ आणि अमीर इरेझ यांनी २००७ आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उद्धटपणा सोसणाऱ्यांचे काम खालावले आणि तो केवळ पाहणाऱ्यांचेही खालावले. त्यांची कल्पकता आणि दुसऱ्याला मदत करण्याची तयारीही कमी झाली. इस्रायलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातील २४ गटांवर झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर प्रत्येक मालकाने वाचावा असा आहे. सरावासाठी रचलेल्या प्रसंगात काही गटांना बाहेरून आलेल्या तज्ज्ञाचे तुच्छतेचे शेरे ऐकवले गेले. त्या गटांचे निदान आणि प्रत्यक्ष उपचार दोन्ही घसरले, कारण त्यांनी एकमेकांना माहिती देणे आणि मदत मागणे कमी केले. तिथे कोणी शिवीसुद्धा दिली नव्हती.

प्रेसवर किंवा लेथवर उभ्या असलेल्या माणसाला शिवी दिली की पुढची काही मिनिटे त्याचे लक्ष हाताखालच्या कामावर पूर्ण नसते आणि शेजारच्या मशीनवरच्याचेही नसते. म्हणून सुपरवायझरने ओरडायचेच असेल तर आधी मशीन बंद करून घ्यावे, असा नियम मी सुचवेन. मशीन बंद करून माणसाला बाजूला बोलावण्यात जो वेळ जातो, त्यात ओरडणाऱ्याचा पाराही अर्धा उतरतो. शिवी खाल्लेल्या कामगाराने शक्य असेल तर पाणी पिण्यासाठी दोन मिनिटे मागून घ्यावीत. ती मागणे हा सुरक्षेचा भाग आहे.

मुलांच्या कानावर पडते तेव्हा

लहान मुलाने शिवी पहिल्यांदा उच्चारली की घरात दोनच गोष्टी होतात: सगळे हसतात किंवा मुलाला फटका बसतो. दोन्हींमुळे तो शब्द त्याच्या मनात पक्का होतो. चेहरा शांत ठेवून हा शब्द कुठे ऐकलास, असे विचारावे, ऐकून कसे वाटले तेही विचारावे आणि राग आला की त्याऐवजी काय म्हणायचे ते सांगावे. मोबाईलवरच्या मालिका आणि खेळ यांतील शिव्यांविषयी पालक विचारतात. शिवराळ कार्यक्रम आणि खेळ जास्त पाहणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये शिव्यांचा वापर आणि आक्रमकता अधिक असल्याचा संबंध २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळला होता, पण संबंध असणे म्हणजे कारण असणे नव्हे. माझ्या मते पडद्यावरच्या शिवीपेक्षा घरातली शिवी कितीतरी पटींनी अधिक काळजीची आहे.

घरातल्या शिवीविषयी पुरावा बराच ठोस आहे. मिंग-टे वांग आणि सारा केनी यांनी अमेरिकेतील ९७६ कुटुंबांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. तेराव्या वर्षी आईवडिलांचे ओरडणे, शिव्या आणि अपमान सोसणाऱ्या मुलांमध्ये पुढच्या वर्षात उदासीची लक्षणे आणि बेशिस्त वर्तन दोन्ही वाढलेले दिसले. एरवी घरात माया असली तरी हा परिणाम पुसला जात नव्हता. "बोलतो रागाने, पण जीव लावतो" हे आपल्याकडचे समर्थन म्हणूनच टिकत नाही. रागाच्या भरात मुलाला शिवी गेलीच, तर त्याच दिवशी त्याच्याजवळ बसून, "मी तो शब्द वापरायला नको होता, तुझी चूक ही होती आणि माझी चूक ही होती," असे दोन्ही वेगळे करून सांगावे. शाळेत शिक्षकांकडून असे होत असेल तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध आहे, हे पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी कळवावे.

जातीवरून आणि बाईपणावरून

काही शिव्या एका माणसाला दिल्या जातात आणि त्या समाजातल्या ऐकणाऱ्या प्रत्येकाला लागतात. जातीवरून, रंगावरून, अपंगत्वावरून किंवा स्त्रीच्या चारित्र्यावरून दिलेल्या शिवीने येणारी अस्वस्थता श्वास सोडून जाणारी नसते, आणि ती तशी घालवण्याचा हट्टही धरू नये. तिथे नोंद आणि तक्रार हाच मार्ग आहे. प्रसंग घडल्यावर लगेच तारीख, वेळ, ठिकाण, हजर असलेली माणसे आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. "अर्वाच्य भाषेत बोलले" असे लिहिल्याने तक्रार कमजोर होते.

लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा जागी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला त्या समाजाबाहेरच्या माणसाने जातीवाचक शिवी देणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने बोललेला शब्द भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये येतो, तर शांतता भंग व्हावी म्हणून मुद्दाम केलेला अपमान कलम ३५२ मध्ये येतो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. कलम ३५२ चा गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलीस ठाण्यात त्याची बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाते, म्हणून साक्षीदारांची नावे आधीच लिहून ठेवलेली बरी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत लैंगिक स्वरूपाच्या बोलण्याविरुद्ध स्त्रीला २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. मात्र प्रत्येक शिवी हा गुन्हा नसतो. शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने एका वेब मालिकेच्या प्रकरणात २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

मनातून जातच नसेल तर

एखाद्या शिवीने दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कामावर जाण्याच्या विचारानेच पोटात गोळा येत असेल किंवा घरातल्या कोणाचा आवाज चढला की थरकाप होत असेल, तर ती एका शिवीची गोष्ट राहिलेली नाही. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. पती किंवा सासरची माणसे रोज शिव्या देऊन अपमान करत असतील, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ हाही हिंसाचारच मानला आहे. त्यासाठी अंगावर वळ असावेच लागतात, हा गैरसमज अजून घराघरांत आहे आणि तो दूर व्हायलाच हवा.

आपल्या जागेपुरता ठराव

नाशिक विभागातच, अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावाने २०२४ च्या नोव्हेंबरात ग्रामसभेत ठराव केला, की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड होईल. भांडण कोणाचेही असो, अपमान मात्र तिथे नसलेल्या बाईचा होतो, हा त्यामागचा विचार होता आणि तो मला फार मोलाचा वाटतो. शहरात ग्रामसभा नसली तरी दुकान, वर्कशॉप, क्रिकेटचा संघ, गणेशोत्सव मंडळ किंवा घर एवढ्या जागेपुरता असा ठराव करता येतो.

तो करताना सगळ्याच शिव्या बंद करण्याचा घाट घालू नका, कारण तो नियम पहिल्याच दिवशी मोडतो. आई-बहिणीवरून, जातीवरून आणि मुलांसमोर, एवढ्या तीन गोष्टींपुरता नियम ठेवा. दंड खिशाला जाणवेल पण भांडण होणार नाही इतका असावा आणि जमलेले पैसे कशासाठी वापरायचे ते आधी ठरवावे. वर्कशॉपमध्ये प्रथमोपचाराच्या पेटीसाठी वापरले तर कोणी कुरकुर करत नाही. नियम मालकालाही लागू असलाच पाहिजे, आणि पहिला दंड त्याने भरला तर बाकीच्यांना सांगावे लागत नाही. कोणाचा दंड किती झाला याचा फळा भिंतीवर लावू नका, त्याने पुन्हा चारचौघांत शरम निर्माण होते. हिशोब एका वहीत ठेवा, ती वही सर्वांत नवीन आलेल्या हेल्परकडे द्या आणि मालकाच्या नावासमोर रक्कम लिहिण्याचा अधिकार त्याला आहे, हे सर्वांसमोर सांगा.